संधिवातावरील उपचार आणि रक्तातील प्रतिपिंडे

सकाळी उठल्यावर तास-तासभर बोटे न वळणे, मनगटे व घोटे सुजणे, अंगात बारीक ताप राहणे, अशा तक्रारी असलेली माणसे बहुतेक प्रत्येक गावात आढळतात. वयोमानाप्रमाणे गुडघे झिजल्यामुळे होणाऱ्या दुखण्याहून हे दुखणे निराळे असते. आमवात, ल्यूपस, रक्तवाहिन्यांचा दाह इत्यादी रोगांत शरीराची संरक्षक यंत्रणा परक्या जंतूंवर तुटून पडण्याऐवजी स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर किंवा फुप्फुसांवर उलटते. गेल्या काही दशकांत या रोगांवर गुणकारी औषधे निघाली असून, पूर्वी ज्यांना अंथरुणाला खिळून राहावे लागले असते असे कित्येक रुग्ण आज शेतात, शाळेत व कचेरीत आपापले काम करीत आहेत.

ही औषधे उलटलेल्या यंत्रणेला आवर घालतात. परंतु तसे करीत असता खऱ्या जंतूंशी सामना करण्याची तिची शक्तीही काही अंशी कमी करतात. या शक्तीचा मोजता येण्याजोगा एक महत्त्वाचा भाग म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे. काही औषधांमुळे त्यांचे प्रमाण हळूहळू घटते आणि ते घटल्याची कोणतीही खूण वरकरणी दिसत नाही. यास्तव ही घट का होते, ती केव्हा धोक्याची ठरते आणि तिला तोंड कसे द्यावयाचे, याची माहिती केवळ रुग्णालाच नव्हे, तर त्याच्या कुटुंबीयांना, गावातील डॉक्टरांना, शिक्षकांना आणि आरोग्यसेवकांनाही असणे अगत्याचे आहे.

प्रतिपिंडे म्हणजे काय?

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी एका जातीच्या पेशींना बी-पेशी असे म्हणतात. एखादा जंतू शरीरात शिरला म्हणजे त्याला ओळखणाऱ्या बी-पेशींची संख्या वाढते. त्यांच्यापैकी काहींचे रूपांतर होऊन प्लाझ्मा पेशी तयार होतात. या प्लाझ्मा पेशी म्हणजे प्रतिपिंडे तयार करण्याचे कारखानेच होत. प्रतिपिंड हे एक प्रकारचे प्रथिन असून ते ठरावीक जंतूला किंवा त्याच्या विषाला चिकटते व त्याला निकामी करते, अथवा इतर पेशींना त्याचा नाश करणे सोपे करून देते. लस टोचल्यानंतर शरीरात जे संरक्षण उत्पन्न होते, त्यातही प्रतिपिंडांचा वाटा फार मोठा असतो.

या ज्ञानाचा इतिहास १८९० सालापासून सुरू होतो. त्या वर्षी जर्मनीत एमिल फॉन बेरिंग व जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांनी असे दाखवून दिले की, धनुर्वात व घटसर्प यांच्या विषाविरुद्ध तयार झालेले संरक्षण एका प्राण्याच्या रक्तरसातून दुसऱ्या प्राण्याला देता येते. १९०१ साली वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक बेरिंग यांना मिळाले. रक्तरसातील हा संरक्षक पदार्थ गॅमा ग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनांच्या गटात असतो, हे १९३९ मध्ये टिसेलियस व कॅबॅट यांनी सिद्ध केले. पुढे १९५२ साली अमेरिकी लष्करातील बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रुटन यांच्याकडे वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होणारा एक आठ वर्षांचा मुलगा आला. त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन जवळजवळ नाहीच, असे तपासणीत आढळले. त्याला बाहेरून गॅमा ग्लोब्युलिनची इंजेक्शने दिल्यावर त्याचे आजारपण थांबले. प्रतिपिंडांचा अभाव हा स्वतंत्र आजार असू शकतो आणि ती उणीव बाहेरून भरून काढता येते, या दोन्ही गोष्टी त्या एका उदाहरणाने स्पष्ट झाल्या.

त्या मुलाच्या आजाराचे कारण जन्मजात होते. संधिवाताच्या रुग्णांत मात्र हीच उणीव उपचारांच्या ओघात उद्भवते.

कोणत्या औषधांमुळे घट होते?

या बाबतीत सर्वाधिक लक्ष द्यावे लागते ते रिटुक्सिमॅब या औषधाकडे. हे औषध स्वतःच एक प्रतिपिंड आहे. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे प्रयोगशाळेत हव्या तितक्या प्रमाणात तयार करण्याची पद्धत शोधून काढली व त्याबद्दल १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याच पद्धतीतून पुढे हे औषध जन्माला आले. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला प्रथम एका प्रकारच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. २००६ मध्ये आमवातासाठी व २०११ मध्ये रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या काही प्रकारांसाठी ते मान्य झाले. आपल्या देशात हैदराबाद येथील डॉ. रेड्डीज या कंपनीने २००७ साली या औषधाशी साधर्म्य असलेले जैविक औषध बाजारात आणले, आणि त्यामुळे ते येथील अधिक रुग्णांच्या आवाक्यात आले.

रिटुक्सिमॅब बी-पेशींच्या पृष्ठभागावरील एका खुणेला चिकटून त्या पेशी नष्ट करते. प्लाझ्मा पेशींवर ही खूण नसल्याने त्या वाचतात. म्हणूनच पहिल्या उपचारानंतर प्रतिपिंडांचे प्रमाण एकाएकी कोसळत नाही. जुने कारखाने चालूच राहतात. पण नवे उभारण्याचे काम थांबते. बी-पेशी रक्तात परत दिसू लागण्यास साधारणतः सहा महिने ते एक वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. दर सहा महिन्यांनी औषध पुन्हा दिले जात असेल, तर नव्या कारखान्यांची भर न पडता जुने एकेक करून बंद पडत जातात, आणि दोन-चार वर्षांत प्रतिपिंडांची पातळी बरीच खाली येऊ शकते.

सायक्लोफॉस्फामाइड, मायकोफेनोलेट तसेच दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतलेली प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधे यांमुळेही घट होते. यांपैकी एकापेक्षा अधिक औषधे एकामागून एक किंवा एकत्र दिली गेली असतील, तर तिची शक्यता वाढते. याउलट केवळ मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णांत लक्षणीय घट सहसा आढळत नाही. तेव्हा संधिवाताचे औषध चालू आहे एवढ्यावरून कोणीही घाबरून जाण्याचे कारण नाही.

विसरले जाणारे औषध

रिटुक्सिमॅबच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाच्या घरी गोळ्यांची पाकिटे असतात. ती पाहून कोणताही डॉक्टर आजार ओळखू शकतो. रिटुक्सिमॅब मात्र शहरातील मोठ्या इस्पितळात शिरेवाटे दिले जाते. आमवातासाठी बहुधा एक हजार मिलिग्रॅमची मात्रा पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा देतात. त्यानंतर रुग्ण घरी परततो, त्याला बरे वाटू लागते, आणि पुढील सहा महिने घरात त्या औषधाची काहीही खूण उरत नाही.

समजा, पंचेचाळीस वर्षांच्या एका शेतकरी स्त्रीने वैशाखात हे औषध घेतले. श्रावणात, लावणीची कामे आटोपल्यावर, तिला ताप व खोकला आला. गावातील दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "कोणते औषध चालू आहे काय?" ती प्रामाणिकपणे म्हणते, "काही नाही, सांध्यांची इंजेक्शनं घेतली होती, ती केव्हाच संपली." इंजेक्शने संपली हे खरे, त्यांचा परिणाम मात्र संपलेला नाही. तिच्या रक्तात त्या वेळी बी-पेशी जवळजवळ नाहीत, आणि तिचा ताप हा साधा ताप म्हणून सोडून देण्याजोगा नाही. डॉक्टरांना ही गोष्ट कळली नाही, तर उपचाराला चार-पाच दिवसांचा विलंब होतो. अशा रुग्णाच्या बाबतीत तेवढा विलंबही जिवावर बेतू शकतो.

यास्तव असे औषध घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाने एक छोटी वही किंवा पत्रिका जवळ बाळगावी. तीत रोगाचे नाव, औषधाचे नाव, प्रत्येक मात्रेची तारीख, टोचलेल्या लसी, प्रतिपिंडांच्या तपासणीचे आकडे आणि उपचार करणाऱ्या इस्पितळाचा विभाग यांची नोंद असावी. ताप, जखम, प्राण्याचा दंश किंवा शस्त्रक्रिया अशा कोणत्याही प्रसंगी ही वही प्रथम दाखवावी. या लेखातून एकच गोष्ट ध्यानात ठेवावयाची झाली, तर ती ही होय.

आकडा आणि आजार

प्रतिपिंडांचे पाच प्रकार आहेत. त्यांपैकी आयजीजी हा प्रकार रक्तात सर्वांत अधिक असतो आणि तपासणीत मुख्यतः त्याचाच विचार केला जातो. प्रौढ व्यक्तीच्या दर शंभर मिलिलिटर रक्तरसात सुमारे ७०० ते १,६०० मिलिग्रॅम आयजीजी असते. प्रयोगशाळेप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात. ५०० ते ७०० च्या दरम्यानची घट सौम्य, ३०० ते ५०० ही मध्यम आणि त्याखालील घट तीव्र असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

हा आकडा म्हणजेच आजार असे मात्र नाही. आयजीजी ५५० असूनही वर्षभरात एकदाही आजारी न पडणारे रुग्ण आहेत. तर त्याहून बऱ्या आकड्याच्या एखाद्या रुग्णाला वर्षातून तीन वेळा न्यूमोनिया होतो. रक्तात प्रतिपिंडे किती आहेत याबरोबरच ती कामाची आहेत की नाहीत, फुप्फुसे पूर्वीपासून दुखावलेली आहेत काय, वय किती, मूत्रपिंडांची स्थिती कशी, स्टेरॉइडची मात्रा केवढी, या सर्व गोष्टींवर धोका अवलंबून असतो. म्हणून केवळ कागदावरील आकडा पाहून धास्ती घेऊ नये आणि आकडा ठीक आहे म्हणून वारंवार येणाऱ्या तापाकडे दुर्लक्षही करू नये.

प्रतिपिंडे कमी झाली असता मुख्यतः नाक, कान, घसा, सायनस व फुप्फुसे यांचे जंतुसंसर्ग होतात. वारंवार कान फुटणे, महिनोन्‌महिने पिवळा-हिरवा शेंबूड वा बेडका पडणे, एकाच वर्षात दोनदा न्यूमोनिया होणे, प्रतिजैविकाचा कोर्स संपताच आजार उलटणे या धोक्याच्या खुणा होत. असे संसर्ग पुनःपुन्हा होत राहिले, तर श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, त्यांत कफ साचू लागतो आणि ही हानी पुढे भरून येत नाही.

तपासणी केव्हा व कशी?

रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड सुरू करण्यापूर्वी आयजीजीची पातळी मोजून ठेवणे हा पहिला नियम होय. आरंभीची पातळी ठाऊक नसेल, तर नंतर आढळलेली घट औषधामुळे झाली की ती पूर्वीपासूनच होती, हे सांगता येत नाही. ज्यांची पातळी आधीच कमी असते, त्यांच्यातच ती पुढे अधिक घटण्याची शक्यता असते. त्यानंतर रिटुक्सिमॅबच्या प्रत्येक नव्या फेरीपूर्वी, आणि मध्ये गंभीर संसर्ग झाल्यास त्या वेळीही, ही तपासणी करावी. ब प्रकारच्या काविळीची तपासणीही आरंभीच करणे अत्यावश्यक आहे. कारण शरीरात दबून राहिलेला हा विषाणू रिटुक्सिमॅबनंतर उसळी घेऊ शकतो.

जेथे आयजीजी मोजण्याची सोय नाही, तेथेही एक साधी सूचक खूण उपलब्ध असते. यकृताच्या नेहमीच्या तपासणीत एकूण प्रथिने व अल्ब्युमिन यांचे आकडे दिलेले असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला म्हणजे ग्लोब्युलिनचा आकडा मिळतो आणि प्रतिपिंडे याच गटात येतात. हा आकडा बराच कमी दिसला, तर आयजीजीची तपासणी करवून घेणे शहाणपणाचे ठरते.

घट आढळल्यास तिचे सर्व खापर संधिवाताच्या औषधावर फोडण्यापूर्वी इतर कारणांचा शोध घ्यावा लागतो. मूत्रपिंडांच्या विकारात लघवीवाटे आणि आतड्यांच्या काही विकारांत शौचावाटे प्रतिपिंडे निघून जातात. फेफऱ्यावरील काही औषधांमुळे, तसेच रक्ताच्या काही प्रकारच्या कर्करोगांतही ती कमी होतात. लघवीतील प्रथिनांची तपासणी साधी व स्वस्त आहे. ती प्रथम करावी.

लसीकरण: वेळेचे महत्त्व

लस म्हणजे शरीराला प्रतिपिंडे बनविण्याचा दिलेला आदेश होय. आदेश पाळणाऱ्या बी-पेशीच जागेवर नसतील, तर तो वाया जातो. रिटुक्सिमॅबनंतर थोड्याच दिवसांत टोचलेल्या लसीचा फारसा उपयोग होत नाही तो याच कारणामुळे. २०२० नंतरच्या कोविड साथीच्या काळात ही गोष्ट जगभर प्रकर्षाने अनुभवास आली. हे औषध घेतलेल्या अनेक रुग्णांच्या शरीरात लसीनंतर प्रतिपिंडे तयार झालीच नाहीत आणि त्यांच्यात आजाराची तीव्रताही अधिक आढळली. तथापि संरक्षक यंत्रणेच्या दुसऱ्या, टी-पेशींच्या शाखेला लसीपासून काही लाभ होतोच; म्हणून लस निरर्थक आहे असे समजू नये.

शक्य असेल तेथे आवश्यक त्या लसी औषध सुरू करण्यापूर्वी, निदान चार आठवडे आधी, टोचून घ्याव्यात. उपचार सुरू झाले असतील, तर मागील मात्रेला सुमारे सहा महिने झाल्यावर आणि पुढील मात्रेच्या काही आठवडे अगोदर, अशी वेळ साधावी. इन्फ्ल्युएंझाची वार्षिक लस मात्र हंगाम पाहून द्यावी, तीसाठी सहा महिने थांबू नये. न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस, ब प्रकारच्या काविळीची लस, धनुर्वाताची लस, आणि नागिणीविरुद्धची जिवंत विषाणू नसलेली लस यांचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. रोग अगदी जोरात असेल आणि औषध तातडीने देणे भाग असेल, तर लसीसाठी उपचार खोळंबून ठेवले जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंपासून बनविलेल्या लसी अशा रुग्णांना साधारणतः देत नाहीत. गोवर, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लसी, बीसीजी आणि तोंडावाटे देण्याची पोलिओची लस या प्रकारात मोडतात. गर्भारपणाच्या उत्तरार्धात मातेने रिटुक्सिमॅबसारखे औषध घेतले असेल, तर ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. अशा बाळाला जन्मानंतर बीसीजी किंवा रोटाव्हायरसची लस केव्हा द्यावयाची हे बालरोगतज्ज्ञ ठरवितात. म्हणून प्रसूतीपूर्वीच ही माहिती परिचारिकेला द्यावी. घरातील इतर निरोगी मंडळींनी आपापल्या लसी वेळेवर घेणे हेही रुग्णाला संरक्षणच होय. घरातील लहान बाळाला तोंडावाटे पोलिओचा डोस द्यावयाचा असल्यास आरोग्यसेविकेला रुग्णाची कल्पना द्यावी आणि बाळाचे लंगोट बदलल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. केवळ भीतीपोटी बाळाचा डोस मात्र चुकवू नये.

तापाची चाचणी फसवू शकते

ग्रामीण भागातील डॉक्टरांनी व प्रयोगशाळांतील तंत्रज्ञांनी विशेष लक्षात घ्यावी अशी एक बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे. विषमज्वराची विडाल चाचणी, तसेच डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस यांच्या काही चाचण्या जंतूचा शोध घेत नाहीत. रुग्णाच्या शरीरात त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत काय, एवढेच त्या पाहतात. ज्याचे शरीर नवी प्रतिपिंडे बनवूच शकत नाही, त्याची अशी चाचणी प्रत्यक्ष आजार असूनही निर्दोष येऊ शकते. पावसाळ्यात शेतात, कुळागरात किंवा गोठ्यात काम करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही फसगत धोक्याची ठरेल. अशा वेळी रक्तातून जंतू वाढवून पाहणे, डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी चाचणी करणे किंवा थेट जंतूचा शोध घेणाऱ्या इतर पद्धतींचा अवलंब करणे हितावह होय. हिवतापासाठी रक्ताची काच तपासताना प्रत्यक्ष परोपजीवीच पाहिला जातो, त्यामुळे ती तपासणी विश्वसनीय राहते.

जखमा व दंश यांच्या बाबतीतही वेगळी दक्षता घ्यावी लागते. कोयता, नांगराचा फाळ किंवा गंजका पत्रा लागून झालेल्या मोठ्या, मातीने माखलेल्या जखमेनंतर, रिटुक्सिमॅब घेऊन सहा महिने झाले नसतील, तर धनुर्वाताच्या केवळ लसीवर विसंबून न राहता तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. कुत्रा चावल्यास किंवा त्याने ओरखडल्यास जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित आरोग्य केंद्रात जावे. निरोगी माणसाला किरकोळ ओरखड्यासाठी केवळ लस पुरते. पण प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णाला त्याबरोबर रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडेही द्यावयाची असतात. वही जवळ असण्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

घट आढळल्यावर उपाययोजना

उपाय पायरीपायरीने केले जातात. घट सौम्य असून वारंवार संसर्ग होत नसतील, तर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करून लक्ष ठेवणे एवढेच पुरेसे असते. बहुसंख्य रुग्णांना यापुढे जाण्याची गरज भासत नाही.

संसर्ग होऊ लागल्यास प्रत्येक संसर्गावर लवकर व पुरेशा दिवसांचे उपचार करावे लागतात. बेडक्याची तपासणी करून योग्य ते प्रतिजैविक निवडावे लागते. त्याचबरोबर तज्ज्ञ डॉक्टर मूळ औषधाचा फेरविचार करतात. रोग आटोक्यात असेल, तर दोन मात्रांमधील अंतर वाढविणे, मात्रा कमी करणे, स्टेरॉइड हळूहळू उतरविणे किंवा दुसऱ्या औषधाकडे वळणे असे पर्याय असतात. काही रुग्णांना पावसाळ्याचे व थंडीचे महिने किंवा वर्षभर अल्प मात्रेत एखादे प्रतिजैविक प्रतिबंधक म्हणून दिले जाते. ते कोणते व किती दिवस द्यावयाचे हे तज्ज्ञांनीच ठरवावे. दुकानातून परस्पर आणलेली प्रतिजैविके अपाय करतात.

एवढे करूनही गंभीर संसर्ग होतच राहिले आणि आयजीजीची पातळी बरीच कमी असली, अथवा लस टोचूनही प्रतिपिंडे निर्माण होत नसल्याचे चाचणीत दिसून आले, तर इम्युनोग्लोब्युलिन बाहेरून देण्याचा विचार होतो. हजाराहून अधिक रक्तदात्यांचा रक्तद्रव एकत्र करून, त्यातून शुद्ध केलेली ही प्रतिपिंडे असतात. प्रारंभी ती स्नायूत टोचीत असत. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून शिरेवाटे देण्याजोगी औषधे प्रचारात आली. साधारणतः शरीराच्या दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम इतकी मात्रा दर तीन-चार आठवड्यांनी देतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीला एका वेळी २० ग्रॅम. बाहेरून दिलेल्या आयजीजीपैकी सुमारे निम्मे तीन आठवड्यांत नाहीसे होते, म्हणून ते पुनःपुन्हा द्यावे लागते. त्वचेखाली दर आठवड्याला थोडे थोडे देण्याचीही पद्धत आहे.

हा उपाय परिणामकारक असला तरी महाग आहे आणि तो निर्धोकही नाही. डोकेदुखी, थंडी-ताप हे त्रास होतात. क्वचित मूत्रपिंडांना इजा होते किंवा रक्ताची गुठळी बनते. म्हणून सुरुवातीस ते अगदी सावकाश देतात. ते दिल्यानंतर काही महिने रक्तदात्यांची प्रतिपिंडे रुग्णाच्या रक्तात फिरत असल्याने, काविळीसारख्या काही चाचण्या आजार नसतानाही दोषी येऊ शकतात. तेव्हा अशा चाचण्या आधीच उरकून घ्याव्यात. उपायाचा लाभ किती झाला हे केवळ रक्तातील आकड्यावरून न ठरविता, संसर्ग कमी झाले की नाहीत यावरून ठरवावे लागते. बी-पेशी परत आल्यावर पुष्कळ रुग्णांची स्वतःची निर्मिती सुधारते, म्हणून ठरावीक काळाने हा उपाय थांबवून पाहिला जातो.

दोन चुका टाळाव्यात

अशा रुग्णांच्या हातून दोन परस्परविरुद्ध चुका घडण्याचा संभव असतो. पहिली म्हणजे, प्रतिपिंडे कमी झाल्याचे ऐकताच घाबरून सर्व औषधे बंद करणे. त्यामुळे दबलेला रोग पुन्हा डोके वर काढतो, सांधे कायमचे वाकडे होतात, ल्यूपस व रक्तवाहिनीदाहात मूत्रपिंडे निकामी होण्याचीही भीती असते. अनेक महिने घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविणे तर जिवावर बेतते. दुसरी चूक म्हणजे, सांधे बरे आहेत म्हणून तापाकडे काणाडोळा करणे. अंगात १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप, हुडहुडी, धाप, पिवळा बेडका, लघवी कमी होणे, बोलण्यात असंबद्धता यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. स्टेरॉइड घेणाऱ्याला ताप कमी दिसू शकतो. म्हणून अंग फारसे तापले नसले तरी माणूस एकाएकी गळून गेला, तर तेही पुरेसे कारण समजावे.

शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या टॉनिकांनी किंवा काढ्यांनी ही उणीव भरून निघत नाही. सकस आहार सर्वांनाच हवा. पण बी-पेशी नसताना अन्नातील प्रथिनांपासून प्रतिपिंडे बनत नाहीत. सांधेदुखीवरील काही अनधिकृत पुड्यांत छुपे स्टेरॉइड मिसळलेले असते. त्यांपासून दूर राहावे. पाणी उकळून पिणे, धूम्रपान सोडणे, चतुर्थी-शिमग्याच्या दिवसांत घरी आलेल्या सर्दी-खोकल्याच्या पाहुण्यापासून थोडे अंतर राखणे, गर्दीत मुखपट्टी वापरणे हे साधे उपाय अधिक मोलाचे आहेत.

सर्वांचा वाटा

शाळेत गोवर किंवा कांजिण्यांचा रुग्ण आढळल्यास, ज्या विद्यार्थ्याला वा सहकाऱ्याला अशी औषधे चालू आहेत त्याला शिक्षकांनी त्याच दिवशी कळवावे. संपर्कानंतर थोड्या दिवसांच्या आत संरक्षक इंजेक्शन दिले, तरच त्याचा उपयोग होतो. कार्यालयप्रमुखांनी अशा कर्मचाऱ्याच्या रजेच्या अर्जाकडे सहानुभूतीने पाहावे. वरून धडधाकट दिसणारा माणूस ठरावीक दिवशी इस्पितळात जातो, तो टाळाटाळ म्हणून नव्हे. आशा सेविका व परिचारिका यांनी आपल्या भागातील अशा रुग्णांच्या वह्या पाहून लसींच्या तारखांची आठवण करून द्यावी. उपचारांचा खर्च कोणत्या शासकीय योजनेत बसतो याची चौकशी इस्पितळातील समाजसेवा कक्षात आधीच करावी. आणि निरोगी तरुणांनी हे ध्यानात ठेवावे की, इम्युनोग्लोब्युलिन हे औषध माणसाच्या रक्ताखेरीज अन्य कशापासूनही तयार होत नाही. रक्तदात्याने दिलेल्या रक्ताचा एक अंश अशा अनोळखी रुग्णाच्या तापलेल्या अंगापर्यंत पोहोचत असतो.

संधिवाताचा उपचार आणि जंतूंपासून बचाव या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात. त्यासाठी औषधापूर्वी तपासणी, वेळेवर लस, तापाची त्वरित दखल आणि सदैव जवळ असलेली नोंदवही एवढ्याच गोष्टींची आवश्यकता आहे. यांपैकी एकही गोष्ट खेड्यातील कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची नाही.